मागचं ब्लर

चातुर्मासात आमच्या स्टुडिओत माणूस येतो तो पासपोर्ट साइजसाठी, नाहीतर गेलेल्या माणसाच्या फोटोसाठी. हा दुसऱ्या कामासाठी आलाय, हे त्याच्याकडे बघूनच कळलं. आठवडाभराची दाढी, पायात चप्पल नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "भाऊ, वळखलं का? एकोणीस साली आमच्या काकाच्या पोरीचं लग्न तुम्हीच केलं होतं. नायगावला."

फोटोग्राफरनं 'लग्न केलं' असंच आमच्या नांदेडकडे म्हणतात. पंचवीस वर्षांत मी अशी हजाराच्या आसपास लग्नं केली. सगळी आठवत नाहीत, पण हे आठवलं. मे महिना, पत्र्याचं मंगल कार्यालय, मुदखेडहून आलेल्या झेंडूच्या माळा दुपारपर्यंत सुकलेल्या.

"वडील गेले. परवा दहावा हाय. त्यांचा एक फोटो पाहिजे."

"घरी एकही नाही?"

"आधारवरचा हाय. पण माय नको म्हणायली. त्याच्यात ते आमचे वाटंनातच."

मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि कपाटातून २०१९ ची हार्ड डिस्क काढली. त्या लग्नाचे चार हजार सहाशे फोटो होते. एवढ्यात एक माणूस सापडायला कितीसा वेळ लागणार, असं वाटलं. त्याचे वडील नवरीचे सख्खे चुलते. घरचं कार्य, म्हणजे ते सगळीकडे असणार.

ते सगळीकडे होतेही. हळदीच्या फोटोत नवरीच्या मागे एक पांढरा ठिपका होता, तो म्हणजे ते. कन्यादानाच्या वेळी खांबाजवळ एक पांढरी पुसट उभी रेघ, तेही तेच. अक्षता पडताना डाव्या कोपऱ्यात टोपी आणि त्याखाली चेहऱ्याच्या जागी गव्हाळ रंगाचा एक डाग. पोरगा दरवेळी बोट ठेवून म्हणायचा, "हे बघा, हे दादाच." त्याला चालण्यावरून, उभं राहण्यावरून बाप ओळखू येत होता. पण भिंतीवर लावावा असा चेहरा चार हजार सहाशे फोटोंत एकही नव्हता.

ही चूक कॅमेऱ्याची नव्हती. तो डाग मी मुद्दाम पाडला होता, आणि त्याचे पैसे वेगळे घेतले होते.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ८५ एमएमची लेन्स एफ १.४ वर पूर्ण उघडली आणि तीन मीटरवरच्या नवरीवर फोकस धरला, तर जेमतेम दहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्वच्छ येतो. नाकापासून कानापर्यंत. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं विरघळतं. मांडवातले दिवे गोल गोल मण्यांसारखे दिसतात, खुर्च्या, पंखे, पाण्याचे जार नाहीसे होतात, आणि सिनेमातल्यासारखी नवरी एकटी उजळून निघते. गिऱ्हाईक मोबाईलवर कुठलं तरी रील दाखवून म्हणतं, "असं पाहिजे बघा. मागचं ब्लर." मीही गेली दहा-बारा वर्षं त्याच्यासाठीच महागड्या लेन्सा घेतल्या. पहिलीचे हप्ते अडीच वर्षं फेडले. मागचं ब्लर म्हणजे काय, तर मागची माणसं ब्लर, हे मला त्या दिवशी त्या पोराच्या शेजारी बसून कळलं.

माझे वडीलही हेच काम करायचे, लातूरला, गंजगोलाईजवळच्या एका स्टुडिओत. नोकरीला होते. कॅमेरा मालकाचा, यशिकाचा, दोन डोळ्यांचा, वरून वाकून बघायचा. एकशेवीसचा रोल, त्यात बारा फोटो. गावातल्या साध्या लग्नाला एकच रोल मिळायचा. बारा फोटोंत हळद, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी बसवून उरतील त्या तीन-चार फोटोंत सगळं गणगोत आणायचं. म्हणून वडील एका फोटोत तीस-तीस माणसं उभी करायचे. लेकरं खाली सतरंजीवर, म्हातारी खुर्चीवर, बाया दोन रांगांत, गडीमाणसं बाकड्यावर चढलेली. ॲपर्चर एफ ११. फोकस पाच मीटरवर लावला की साडेतीनपासून आठ-साडेआठ मीटरपर्यंत सगळं लख्ख. कोपऱ्यात घागर घेऊन चाललेली बाई लख्ख. मांडवाच्या डहाळीला धरून उभा असलेला, कुणी न बोलावलेला पोरगाही लख्ख. ते कलेसाठी असं करत नव्हते. रोल महाग होता आणि एकही माणूस वाया जाऊ द्यायचा नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक नुकते निजले होते. आमच्या भागातली घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडावर पेललेलं मातीचं माळवद, उन्हाळ्यात थंड राहावं म्हणून वर्षानुवर्षं माती चढवत नेलेलं. ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा चौदा वर्षांचा. लातुरात आमचं घर हललं, भांडी पडली, एवढंच. पण महिन्याभरानं औसा-किल्लारीकडून स्टुडिओत माणसं यायला लागली. त्यांना फोटो पाहिजे होते. घरासोबत अल्बम गेले होते, भिंतीवरच्या तसबिरी गेल्या होत्या, आणि ज्यांचे फोटो पाहिजेत ती माणसंही.

वडिलांनी प्रत्येक लग्नाच्या निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात घालून ठेवलेल्या होत्या, आणि एका लांबट वहीत गाव, तारीख, घराणं लिहिलेलं होतं. त्या वहीत दिवसदिवस बोटं फिरत राहिली. "आमच्या गावात अमक्याच्या लग्नाला तुम्ही आला होता, बघा. त्यात आमची पोरगी असंल." निगेटिव्ह दिव्यावर धरायची, भिंग लावायचं. चेहरा केवढा? तुरीच्या दाण्याएवढा. वडील एनलार्जरचं डोकं पार वरपर्यंत चढवायचे आणि तो दाणा पोस्टकार्डाएवढा करायचे. रवाळ यायचा, पण माणूस ओळखू यायचा. मालकानं त्या कामाचे कुणाकडून पैसे घेतले नाहीत. वडील रात्री जेवून परत स्टुडिओत जायचे आणि मी त्यांच्याबरोबर प्रिंट धुवायला.

एका बाईला डार्करूममध्ये आत यायचं होतं. कुणाला आत घ्यायची पद्धत नव्हती. वडिलांनी तिला घेतलं. लाल दिव्यात ती ट्रेजवळ उभी राहिली, पदर तोंडाला लावून. कागदावर आधी केस आले, मग भुवया. तिनं नाव घेऊन हाक मारली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे हलवत राहायची खूण केली. हात थांबवला असता तर प्रिंटवर डाग पडला असता.

म्हणजे खरं तर मला हे चौदाव्या वर्षीच माहीत होतं. पण धंदा माणसाला पुढे नेतो आणि पुढे नेताना मागचं विसरायला लावतो.

धंद्याचं गणित असं. तुळशीचं लग्न लागलं की तारखा सुरू, त्या आषाढापर्यंत. दाट तिथीला एका दिवसात चार-पाच लग्नं येतात. दोन घ्यायची, बाकीची सोडायची. मुलीकडचे विसार देऊन तारीख धरतात, उरलेले पैसे अल्बम नेताना. आता पॅकेजमध्ये प्री-वेडिंग असतं, कँडिड असतं, सिनेमॅटिक, ड्रोन, एलईडी भिंत, आणि सगळ्यात शेवटी, जणू भाजीवर कोथिंबीर, 'ट्रेडिशनल'. म्हणजे साधा फोटो आणि साधी व्हिडिओ शूटिंग. ट्रेडिशनलवाल्या पोराला रोज सगळ्यात कमी. त्याला कुणी रील दाखवून काही मागत नाही. तो आपला कॅमेरा खांद्यावर घेऊन आहेर, मानपान, पंगत, सगळं ओळीनं टिपत जातो.

प्री-वेडिंगसाठी मी जोडप्यांना कंधारच्या किल्ल्यात नेतो, पावसाळ्यानंतर सहस्रकुंडाला, लातूरकडची असली तर खरोशाच्या लेण्यांत. आवडतं मला ते काम. पहिल्यांदाच एकमेकांशी नीट बोलणारी दोन माणसं असतात, आणि कॅमेऱ्याच्या निमित्तानं त्यांना हात धरायला मिळतो. सकाळी परक्यासारखी गाडीत बसलेली पोरगी संध्याकाळी त्याला "पाणी प्या" म्हणते. तिथं मागचं ब्लर केलं तरी कुणाचं काही जात नाही. मागे दगडच असतात.

पैशाचं मात्र आभाळावर असतं. आमच्या गिऱ्हाइकाचं उत्पन्न म्हणजे सोयाबीन आणि तूर. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते त्याच्या बरंच खाली विकत होतं. त्या वर्षीचे सात अल्बम आजही माझ्या कपाटात आहेत, प्लास्टिकसकट. मी तगाद्याचे फोन करत नाही. ज्या बापानं पोरीच्या लग्नात कसर ठेवली नाही, त्याला अल्बमसाठी लाज वाटेल असा फोन करणं मला जमत नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला लग्न करत होतो. मिरजेहून पाण्याची रेल्वे यायला लागली होती, पहिली आली ती दहा वाघिणींची, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून. शहरात पाणी भरायच्या जागांजवळ जमावबंदी लावायची वेळ येऊन गेली होती. त्या लग्नात हळदीच्या आंघोळीला नवरदेवाला एक छोटी बादली मिळाली, आणि कार्यालयाच्या मागे टँकरजवळ नवरीचा मामा दिवसभर खुर्ची टाकून बसला होता, पाण्यावर नजर ठेवून. मुलगी मामाच्या मांडीवर वाढलेली. मंगलाष्टकं त्यानं तिथूनच ऐकली. मी एक पान खायला मागे गेलो म्हणून मला दिसला. मी कॅमेरा उचलला, तर तो लाजून म्हणाला, "माझा कशाला, तिकडं पोरीचा काढा." मी एकच काढला. त्या लग्नाचा एवढाच फोटो माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे.

स्टेजवर कुणाला बोलवायचं हे ठरवणारा एक माणूस प्रत्येक लग्नात असतो. हातात यादी नाहीतर माईक. "मुलीचे आत्या-मामंजी या. आता मोठे जावई. आता पुढारी आलेत, थांबा जरा." जो पुकारला जातो तो येतो. जो राबत असतो त्याचं नाव कुणी घेत नाही, कारण तो घरचाच. पण फोटोग्राफरनं हाक मारली की तीही चालते, हे मला उशिरा उमगलं. स्टेजवर आम्हाला कुणी अडवत नाही. "या, इकडे या, फोटोत या," एवढं म्हटलं की माणूस हात पुसत येतो.

चाकूरकडच्या एका लग्नात नवरीला हळद लागत होती. पाच सवाष्णी, करवल्या, गाणी. नवरीची आई दाराच्या आड उभी होती. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली. पोरगी सारखी दाराकडे बघत होती, म्हणून माझा प्रत्येक फोटो बिघडत होता. मी थांबलो आणि म्हणालो, "काकू, जरा इथं नवरीजवळ बसता का? ह्या बाजूला फ्रेम रिकामी पडायलीय, फोटो चांगला येईना." कॅमेऱ्याच्या अडचणीशी कुणी वाद घालत नाही. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली, पण बाकीच्या सरकल्या. आई बसली. पोरीनं स्वतःच तिचा हात धरून हळदीच्या वाटीत बुडवला आणि आपल्या गालाला लावला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं, तेव्हा मला तो गाल आठवला. ठराव पोचेल तेव्हा पोचेल. तोवर मी फ्रेम रिकामी पडते म्हणत राहीन.

नांदेडला काम करण्याचं एक भाग्य असं की एकाच आठवड्यात चार तऱ्हेची लग्नं बघायला मिळतात. गुरुद्वारातल्या आनंद कारजला आम्ही डोकं झाकून, अनवाणी, गुरू ग्रंथसाहिबाकडे पाठ होणार नाही असे सरकत सरकत फिरतो. चार लावांमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, ग्रंथसाहिब फ्रेममध्ये नीट दिसलाच पाहिजे. बौद्ध लग्नात पांढऱ्या कपड्यातली जोडी उभी असते आणि मागे बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा. तिथं एकदा मी सवयीनं लेन्स उघडी ठेवली होती. नवरीच्या आजोबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाबासाहेब दिसंनात की हो." मी एफ ८ केलं आणि परत काढले. मला एवढ्या कमी शब्दांत फोटोग्राफी कुणी शिकवली नाही.

देगलूर नाक्याकडच्या निकाहमध्ये बायकांच्या बाजूचं काम माझी बायको करते. लग्नानंतर दोन वर्षांत तिनं कॅमेरा शिकून घेतला, आणि आज तिची वेगळी तारीख धरणारी घरं आहेत. तिला मी कधीतरी राजा दीनदयाळांची गोष्ट सांगितली होती. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादला हे दरबारी फोटोग्राफर होते. १८९२ मध्ये त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, जिथं काम करणाऱ्याही बायकाच. बायको म्हणाली, "म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की ह्यांचाही चेहरा राहिला पाहिजे." मी ही गोष्ट धंद्याची युक्ती म्हणून सांगितली होती. तिनं ती अशी ऐकली.

आणि मग २०२१ चा एप्रिल. लग्नाला पंचवीस माणसं, दोन तासांत सगळं उरकायचं. मास्क लावलेले गुरुजी, मास्क खाली-वर करणारी नवरी. पुकारायची यादीच उरली नाही. त्या दोन-तीन महिन्यांत लग्नांपेक्षा जास्त लोक फोटोसाठी आले. "तुमच्याकडे असंल, त्या लग्नाला आमचे मामा आले होते." पुन्हा त्याच लांबट वहीचे दिवस. फक्त वहीच्या जागी हार्ड डिस्क, आणि तुरीच्या दाण्याएवढे लख्ख चेहरे होते तिथं मोठाले पुसट डाग. ज्यांची लग्नं मी २००५-०६ मध्ये साध्या फ्लॅशनं केली होती त्यांची माणसं सापडायची. अलीकडची सापडायची नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण त्या दिवसांत दुःखाचीच इतकी गर्दी होती की विचार करायला जागा राहिली नाही.

नायगावच्या त्या पोराला मी घरी पाठवलं. म्हटलं, उद्या ये. रात्री बायकोनं विचारलं, "ट्रेडिशनलचा व्हिडिओ बघितला का?" मी बघितला नव्हता. त्या लग्नाला व्हिडिओवर एक अर्धापूरचा पोरगा होता, नवीनच. आहेराचा सव्वा तास, मग रुखवत, मग पंगत. पंगत त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश घेतली होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ते होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात वरणाची बादली. कुणाच्या तरी पत्रावळीत वरण वाढून सरळ झाले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. दोन सेकंद. "आणखी घ्या" असं काहीतरी कुणाला म्हणत असावेत. मी पन्नासच्या पन्नास फ्रेम एकेक करून बघितल्या आणि त्यातली सगळ्यात स्थिर निवडली.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात माझा एक माणूस ३५ एमएमची लेन्स घेऊन, एफ ८ वर, फोकस पाच मीटरला ठेवून फिरतो. अडीच मीटरपासून पुढे नजर जाईल तिथवर सगळं स्वच्छ. आचाऱ्यांजवळ, दारात, टँकरपाशी, पंगतीत, चपला राखणाऱ्या पोरांजवळ, माजघरात. हे फोटो अल्बममध्ये नसतात, बिलात नसतात. डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, फोल्डरला गावाचं नाव आणि तारीख, वडिलांच्या वहीसारखी. आमच्या टीममधली नवीन पोरं विचारतात, हे कुणाला द्यायचे. मी सांगतो, मागायला येतील त्यांना.

दुसऱ्या दिवशी नायगावचा तो पोरगा आईला घेऊन आला. मी फोटो स्क्रीनवर मोठा करून ठेवला होता. व्हिडिओतली फ्रेम, थोडी मऊ, पण चेहरा पूर्ण. अशा फोटोला आमच्याकडे सगळे स्टुडिओ एकच करतात. मान कापून तयार कोटावर बसवायची, मागे निळं आभाळ टाकायचं. पोरगाही म्हणाला, "भाऊ, कोट घाला, आन् हातातली बादली तेवढी काढून टाका. फ्रेममध्ये चांगलं दिसंना."

मी माउसला हात लावला. आई इतका वेळ गप्प बसली होती. स्क्रीनच्या अगदी जवळ गेली, डोळे बारीक करून बघितलं.

"ऱ्हाऊ द्या बादली," ती म्हणाली. "कुणाच्याबी कार्यात मालक असेच दिसायचे."

मी फोटो आहे तसा, बारा बाय अठराचा, प्रिंटला पाठवला.